सेहेचाळीस किलो

चाकणच्या तळेगाव चौकातून नाशिककडे निघालं की डाव्या हाताच्या तिसऱ्या गाळ्यात युनूस मुलाणीचं व्हील बॅलन्सिंगचं दुकान होतं. बावीस वर्षं तो हेच एक काम करत आला होता. गाडीवाला यायचा, म्हणायचा, "ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं." युनूस चाक काढायचा, मशीनवर चढवायचा, फिरवायचा. चाक जिथे जड निघेल त्याच्या बरोबर समोर शिशाचा तुकडा ठोकायचा. चाक मुळात जड का झालं, या भानगडीत तो कधी पडला नाही. ते शोधत बसलं तर दिवसाला चार गाड्याही उरकायच्या नाहीत. वजन कुठे आहे ते बघायचं, समोर तेवढंच लावायचं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं. या कामात त्याचा हात असा बसला होता की मशीनने आकडा दाखवायच्या आधी तो सांगायचा, "पंचवीस ग्रॅम, व्हॉल्व्हच्या उजवीकडे." बहुतेक वेळा तेवढंच निघायचं.

त्याची मुलगी उझ्मा विमान चालवायला शिकत होती. कुणी विचारो न विचारो, युनूस हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. ट्रकवाले मान डोलवायचे आणि हवा चेक करायला सांगायचे. सोलापूर रस्त्यावर दोन-अडीच तासांवर एक फ्लाइंग क्लब होता, तिथल्याच हॉस्टेलवर ती राहायची. पंधरवड्यातून एकदा आकुर्डीच्या घरी यायची, तेव्हा हात विसरू नये म्हणून घरी सराव करायची. त्यासाठी ताहेराचं शिलाई मशीन खिडकीतून उठून बाल्कनीत गेलं होतं आणि त्या जागी कॉम्प्युटर आला होता. टेबलाला विमानाचं स्टिअरिंग शिकंज्याने आवळलेलं, खाली पायाशी दोन पॅडल. ही पॅडलं युनूसने भंगारातल्या गाडीच्या क्लचपासून स्वतः बनवली होती. ताहेरा म्हणायची, "सगळ्यांच्या घरात सोफा असतो. आमच्या घरात अर्धं विमान आहे."

उझ्मा ज्या विमानावर शिकत होती, अगदी तेच विमान कुणीतरी या घरगुती सिम्युलेटरसाठी बनवून ठेवलं होतं. ते इंटरनेटवरून वेगळं उतरवून घेऊन सिम्युलेटरमध्ये बसवायचं. दिसायला हुबेहूब. दाराच्या कडीवरचा ओरखडासुद्धा होता. पण उझ्माने ते पहिल्यांदा उडवलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे रुळावरून चालतंय अब्बा. खरं विमान हट्टी असतं. इथे मी नुसतं बोट लावलं तरी ऐकतंय."

ते ऐकून नागसेनला चेव चढला. नागसेन कांबळे त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगला होता. गाडीचे भाग किती हादरतात हे तो दिवसभर मोजायचा आणि घरी येऊन हीच विमानं उडवायचा. त्याने एक साधी फाइल उघडून दाखवली. आत नुसते आकडे. पंख किती उचलतो, शेपटी किती जोर लावते, कुठल्या वेगाला पंख दगा देतो. खाली वजनाच्या चार ओळी होत्या: पुढची डावी सीट, पुढची उजवी सीट, मागची सीट, सामान.

"चित्र कुणीही काढेल हो युनूसभाई," तो म्हणाला. "विमान असतं ते या आकड्यांत. बनवणाऱ्याने अंदाजपंचे टाकलेत. आपण खरे टाकू."

खरे आकडे मिळवायला नागसेनने काडेपेटीएवढं एक यंत्र बनवलं. विमान किती वर, किती वेगात, नाक किती उचललेलं, कुठे किती झुकलेलं, हे ते सेकंदाला वीस वेळा टिपून ठेवायचं. उझ्माला शिकवणाऱ्या रोहिदास सरांनी ते सीटखाली चिकटवायला परवानगी दिली. उड्डाण झालं की उझ्मा ती नोंद फोनवरून पाठवायची. आणि ट्रिमचं चाक किती फिरवलं तेही कळवायची. हे ट्रिमचं चाक छोटंसं असतं. विमानाचं नाक सरळ राहावं म्हणून ते फिरवतात. शेपटीकडे वजन जास्त झालं की पुढे, नाकाकडे जास्त झालं की मागे.

रविवारी दुपारी युनूस आणि नागसेन बसायचे. पडद्यावर दोन रेघा असायच्या. लाल रेघ खऱ्या विमानाची, निळी त्यांच्या विमानाची. नागसेन आकडे बदलायचा, युनूस स्टिअरिंग धरून सांगायचा, "शेपूट जरा लाडात आलीय. कमी कर." दहा उड्डाणांच्या नोंदी झाल्या तोवर लाल आणि निळी रेघ एकमेकींवर बसायला लागल्या. उझ्माने घरी येऊन एक फेरी मारली, उतरवलं, आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. युनूसला त्या रात्री जेवण गेलं नाही इतका आनंद झाला.

अकराव्या उड्डाणाला रेघा फाटल्या.

लाल रेघेचं नाक सारखं वर जात होतं. उझ्माने ट्रिम नेहमीपेक्षा चांगलं दोन बोटं पुढे लावलं होतं. नागसेनने सगळे आकडे पुन्हा तपासले. मग त्याने उझ्माला फोन लावला.

"मागे कुणी बसलं होतं का गं?"

"नाही दादा. मी आणि सर, दोघंच."

"सामान?"

"फर्स्ट एडचा डबा. तो रोजच असतो."

युनूसने तेव्हा जे केलं ते त्याच्या धंद्याला धरूनच होतं. तो म्हणाला, "वजन आहे म्हणतोय ना? मग आहे. एक ओळ वाढव आणि टाक मागे." नागसेनने पाचवी ओळ घातली. आधी वीस किलो घातले, मग साठ, मग पन्नास. सेहेचाळीसला निळी रेघ लाल रेघेखाली अशी गेली की दिसेनाशी झाली. जागा सामानाच्या कप्प्याच्या पार शेवटी, शेपटीला लागून. अर्धा किलो इकडेतिकडे केलं तरी रेघा फाटायच्या.

प्रत्येक ओळीला नाव द्यावं लागायचं, त्याशिवाय फाइल चालायची नाही. नागसेनने लिहिलं, 'पाहुणा'. दोघं हसले. ताहेराने चहा आणला तेव्हा युनूसने तिलाही सांगितलं. ती हसली नाही. "वजनाला असं नाव देतात होय?" एवढं म्हणून ती आत गेली.

बाराव्या उड्डाणाला ते वजन होतं तेवढंच होतं, फक्त हातभर पुढे. तेराव्याला मागच्या सीटवर, डाव्या कडेला. म्हणजे उझ्माच्या बरोबर पाठीमागे.

चौदाव्या नोंदीवर नागसेन पुन्हापुन्हा आकडे टाकत राहिला. एकच जागा धरून रेघा जुळेनात. शेवटी त्याने ते वजन उड्डाण चालू असताना हलवून पाहिलं आणि रेघा जुळल्या. नवव्या मिनिटाला वजन आठ इंच पुढे येत होतं. चौदाव्या मिनिटाला मागे टेकत होतं. एकविसाव्याला पुन्हा पुढे.

"नवव्या मिनिटाला काय झालं होतं?" युनूसने विचारलं.

उझ्माने तिच्या उड्डाणाच्या वहीचा फोटो पाठवला होता, तो नागसेनने वाचला. "सरांनी कंट्रोल तिच्या हातात दिला. चौदाव्याला परत घेतला. एकविसाव्याला परत तिच्याकडे."

बाहेर भाजीवाल्याचा लाउडस्पीकर ओरडत होता. खिडकीतून दुपारचं ऊन थेट कीबोर्डवर पडलं होतं. युनूसच्या मनात एक चित्र आलं आणि ते काही केल्या जाईना. मागच्या सीटवर बसलेलं कुणीतरी, उझ्मा चालवायला लागली की दोन्ही सीटच्या मधून वाकून तिचे हात बघतंय.

"यंत्र खराब असेल," तो म्हणाला.

"असेल," नागसेन म्हणाला. त्याने ते यंत्र मागवून घेतलं आणि कंपनीत टेस्ट बेंचवर तीन दिवस हादरवलं. एका केसाचाही फरक निघाला नाही.

मग विमानातच काही असेल असं ठरलं. उझ्माची रूममेट भाग्यश्री त्याच विमानावर, त्याच सरांकडे शिकायची. तिच्या उड्डाणाला यंत्र लावलं. रेघा चार ओळींत जुळल्या. पाचवी लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी उझ्माला वेगळं विमान मिळालं, नवंकोरं, महिन्याभरापूर्वी आलेलं. त्या नोंदीला सेहेचाळीस किलो लागले. मागची सीट, डावी कडा.

नागसेनने खुर्ची मागे सरकवली. "विमानाचा प्रश्नच नाहीये हा, युनूसभाई."

युनूसला ते आधीच कळलं होतं. त्याला फक्त दुसऱ्या कुणी ते बोलायला नको होतं.

उझ्माने सरांना सांगून पाहिलं, की विमान मागे जड वाटतं. रोहिदास सर सरळ माणूस. त्यांनी टाळाटाळ न करता दोन्ही विमानं काट्यावर चढवली. कागदावर होतं तेवढंच वजन भरलं. नागसेनलाही नोंदीत तेच दिसत होतं. चाकं जमिनीवर असेपर्यंत काही नसायचं. नाकाचं चाक उचललं की ते यायचं आणि उतरताना चाकं टेकली की जायचं.

सोलोचा दिवस ठरला, गुरुवार. सोलो म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायचं. सर विमानातून उतरतात आणि शिकणारा एकटा एक फेरी मारून येतो. त्याच्या आधीच्या रविवारी उझ्मा घरी आली होती. ताहेरा बाजारात गेल्यावर युनूसने दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं ती हसेल, किंवा घाबरेल. ती पॅडलवर पाय ठेवून बसून राहिली.

"मला माहीत आहे अब्बा," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मागे जड असतं ते. दिसत काही नाही. आवाज नाही, काही नाही. फक्त मी चालवायला घेतलं की नाक जरा खाली येतं. मी त्या हिशोबाने ट्रिम लावते. सर म्हणतात, तुझा हात मऊ आहे."

"भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. मग कामात विसरून गेले." तिने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. "तुम्ही मला थांबवणार का?"

युनूसला हो म्हणायचं होतं. बारावीपासून या पोरीने दुसरं काही मागितलं नव्हतं. इतर मुली लग्नाला नवीन ड्रेस शिवायच्या, ही वाऱ्याचे नकाशे पाठ करायची. आणि कारण काय सांगणार? की पडद्यावर दोन रेघा जुळत नाहीत? तो 'नाही' म्हणाला. नंतर त्याने स्वतःला याबद्दल शिव्या घातल्या.

"सगळे म्हणतात, सर उतरले की विमान एकदम हलकं होतं," उझ्मा म्हणाली. "बघू."

त्या 'हलकं' शब्दाने युनूसची झोप उडवली. सरांचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. पुढच्या सीटवरून तेवढं कमी झालं आणि मागचं तसंच राहिलं तर विमानाचा तोल जाणार कुठे? चाकाचं असतं तर त्याने झोपेत सांगितलं असतं.

गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. नागसेन साडेसात वाजताच खाली आला. उझ्माची वेळ दहाची होती. दोघांनी दार लोटून घेतलं. पुढची उजवी सीट शून्य केली, पाहुण्याचे सेहेचाळीस मागे ठेवले, आणि युनूसने विमान धावपट्टीवर आणलं.

नाक वेळेआधीच उचललं गेलं. युनूसने खाली दाबलं, तरी ते चढतच राहिलं. वेग पडला, डावा पंख पडला, आणि पडद्यावर नुसती जमीन आली.

"पुन्हा," नागसेन म्हणाला.

चौदा वेळा त्यांनी केलं. नऊ वेळा विमान पडलं. प्रत्येक वेळी डाव्या पंखावर. डाव्या बाजूलाच उझ्मा बसते.

"फोन करा," नागसेन म्हणाला. "आज नको म्हणा. पोट दुखतंय म्हणा, आई आजारी आहे म्हणा, काहीही सांगा."

फोन बंद होता. उडायच्या आधी फोन जमा करायला लागायचे. क्लबच्या ऑफिसचा फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. भाग्यश्रीचाही बंद. घड्याळात नऊ पंचावन्न झाले होते. ताहेरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या ओठांवर दुआ चालू होती आणि हाताला लागलेलं पीठ वाळलं होतं. आज काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय झालंय?" तिने विचारलं.

युनूसने विमान पुन्हा धावपट्टीवर आणलं. तो पडद्याकडे बघत होता.

"पुढे घे," तो नागसेनला म्हणाला.

"काय?"

"वजन. मागून काढ. उजव्या सीटवर टाक. सरांच्या जागी."

नागसेनने आकडे बदलले. युनूसने विमान पळवलं. नाक हळूच उचललं, जितकं हवं तितकंच, आणि विमान एखाद्या चांगल्या बॅलन्स केलेल्या चाकासारखं निघालं. ना थरथर, ना ओढ. त्याने पुन्हा केलं. सहा वेळा केलं. सहाही वेळा विमान असं उतरलं की पेल्यातलं पाणी सांडलं नसतं.

दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

युनूसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याच्या समोर रिकामी उजवी सीट दिसत होती, चित्रातली, पट्टा घडी घालून ठेवलेली. आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. तरी तो मोठ्याने बोलला.

"बसायचंच आहे तर पुढे बस. तिच्या शेजारी बस. तिला पडू देऊ नको."

नागसेन उठून उभा राहिला. "कुणाशी बोलताय?"

ताहेराची दुआ थांबली होती.

"युनूसभाई, कुणाशी बोललात तुम्ही?"

युनूसने स्टिअरिंग सोडलं. तळहात पँटला पुसले. बाल्कनीत वाळत घातलेली ओढणी हलत होती. तिघंही त्या बिचाऱ्या ओढणीकडे बघत राहिले.

अकराला फोन वाजला.

"अब्बा! झालं! झालं अब्बा!" मागे मुलींचा ओरडा, बादल्यांचे आवाज. पहिला सोलो झाला की तिथे भिजवतात. "डोक्यावर तीन बादल्या ओतल्या, अम्मीला सांगू नका, सर्दी होईल म्हणेल."

ताहेरा फोनवर वाकून रडायला लागली. युनूस जमिनीवरच बसला. त्याला देवाचे, नागसेनचे, कुणाकुणाचे आभार मानावेसे वाटत होते. कुणाचे मानायचे हे मात्र नीट ठरेना.

"नीट झालं ना सगळं?" त्याने विचारलं.

"एकदम. उचलताना नाक जरा उसळलं. मला वाटलं गेलं आता. मग आपोआप बसलं." ती थोडी थांबली. "पण सगळे खोटं सांगतात हां. हलकंबिलकं काही वाटलं नाही."

दुपारी तिने नोंद पाठवली. नागसेनला ती उघडायची नव्हती. युनूसने उघडायला लावली. नाकाचं चाक उचललं तिथे वजन मागे होतं. नाक चढत गेलं, आठ अंश, अकरा अंश, चौदा. वेग पडत होता. मग एका सेकंदाच्या आत सेहेचाळीस किलो मागच्या सीटवरून पुढच्या उजव्या सीटवर आले होते. तिथून पुढे लाल आणि निळी रेघ शेवटपर्यंत एकच होती. नोंदीच्या कडेला वेळ लिहिलेली असायची. नागसेनने ती वाचली आणि मोठ्याने सांगितली नाही. युनूसनेही विचारली नाही.

"चाकं टेकली तिथे बघ," युनूस म्हणाला.

नागसेनने रेघ पुढे सरकवली. विमान टेकलं, धावलं, वळलं, शेडकडे आलं. थांबलं. इंजिन बंद होताना होणारी शेवटची थरथर दिसली.

"गेलं ना?" युनूसने विचारलं. "टेकल्यावर जातं ना ते?"

नागसेन या थरथरीवर पोट भरणारा माणूस. रिकाम्या सीटची थरथर वेगळी आणि भरलेल्या सीटची वेगळी, हे त्याला कळायचं. त्याने ती मोठी करून पाहिली, मग अजून मोठी. शेवटी त्याने कॉम्प्युटरच बंद केला.

"नाही गेलं," तो म्हणाला. "यंत्र बंद करेपर्यंत सीटवरच आहे."

जाताना तो दारात घुटमळला. "आपण ती ओळ घालायला नको होती, भाई. आपण त्याला जागा करून दिली." युनूसला त्याचा राग आला. समोर मुलगी जिवंत आहे आणि हा माणूस ओळींचं बोलतोय. राग आला म्हणून भीती जरा वेळ मागे पडली, तेवढंच बरं वाटलं.

सरांनी उझ्माला दोन दिवस सुट्टी दिली होती. संध्याकाळी सहाच्या लोकलने ती आकुर्डीला उतरणार होती. युनूस अर्धा तास आधीच मोटरसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभा राहिला. कॉलेजची पोरं वडापावच्या गाडीभोवती घोळक्याने उभी होती. कंपनीची एक बस हॉर्न वाजवत रिक्षांच्या रांगेतून वाट काढत होती. सगळं रोजचं होतं, आणि त्या रोजच्या गोंगाटात युनूसला हळूहळू आपला वेडेपणा वाटायला लागला. रेघाच त्या. दोन माणसांनी एका खोलीत बसून काढलेल्या.

उझ्मा जिना उतरून आली. केस अजून ओलसर, डोळे सुजलेले, चेहरा असा की युनूसने तो जन्मभर जपून ठेवला असता. तिने पाठीवरची सॅक पुढे घेतली, बापाच्या गळ्यात हात टाकले आणि लगेच लाजून काढले.

"चला ना. भूक लागलीय."

युनूसने गाडी चालू केली. दोन्ही पाय टेकवून तोल धरला. उझ्मा मागे बसली, आणि मागचे शॉकअप तिच्या बावन्न किलोंना आणि सॅकला जेवढे दबायला हवे तेवढे दबले. त्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.

शॉकअप पुन्हा दबले.

हळूच दबले. कुणी सवयीने, घाई न करता मागे बसावं तसे. पुढचं हँडल हलकं झालं. तळहातांना ते लगेच कळलं. बावीस वर्षांत त्यांनी त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

त्याने मान वळवली नाही. डाव्या आरशात उझ्मा दिसत होती. फोनवर बोटं चालवत होती आणि मैत्रिणीचं काहीतरी वाचून गालात हसत होती.

"अब्बा," ती फोनमधून डोळे न काढता म्हणाली, "जरा पुढे सरका ना. मागे जागा होत नाहीये."

युनूस टाकीला चिकटेपर्यंत पुढे सरकला.